भोवरा आपलाच आहे!

'व्हॉर्टेक्स' म्हटलं की आपल्याला फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर आठवतो आणि पोटात गोळा येतो. पण याच शब्दावरून १९१४ साली लंडनमध्ये चित्रकारांची एक चळवळ निघाली होती, व्हॉर्टिसिझम. नाव दिलं एझ्रा पाउंड या अमेरिकन कवीने, पुढारी होता चित्रकार विंडहॅम लुईस, आणि त्यांच्या मासिकाचं नाव 'ब्लास्ट'! (दोनच अंक निघाले. आपली परंपरा तशी जुनीच म्हणायची.)

शब्दाचं मूळ तर फारच मजेशीर. लॅटिनमध्ये 'व्हर्तेरे' म्हणजे वळणं, फिरवणं. 'व्हॉर्टेक्स' आणि 'व्हर्टेक्स' ही त्यातूनच आलेली एकाच शब्दाची दोन रूपं. संस्कृतमधला 'वृत्' धातू त्याच कुळातला, म्हणजे आपले आवर्त, वर्तुळ, परिवर्तन ही सगळी त्याची चुलत भावंडं. पण मग शिरोबिंदूला व्हर्टेक्स का म्हणायचं? कारण डोक्यावर केस जिथे गोल फिरतात त्या जागेलाही लॅटिनमध्ये हाच शब्द. त्यावरून माथा, मग कुठलंही टोक. आणि त्या जागेला आपण काय म्हणतो? भोवरा! नदीतलाही भोवरा, डोक्यावरचाही भोवरा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, 'आवर्तवाद' वगैरे जड नाव नको, सरळ 'भोवरावाद' म्हणा.

लुईसच्या मते भोवऱ्याच्या मधोमध एक शांत जागा असते, सगळी शक्ती तिथे एकवटते आणि कलावंत तिथे उभा असतो. (फोर्स्ड व्हॉर्टेक्स असेल तर ठीक. फ्री व्हॉर्टेक्समध्ये केंद्राकडे जाताना वेग वाढत जातो, साहेब!)

या मंडळींना यंत्रांचं भारी वेड. त्यांच्यातला एडवर्ड वॉड्सवर्थ तर म्युनिकला इंजिनिअरिंग शिकलेला. जेकब एपस्टाईन हा शिल्पकार त्यांच्या गटात रीतसर नव्हता, पण जवळचा. त्याने खडक फोडायचं खरंखुरं ड्रिल आणून त्यावर प्लास्टरचा यंत्रमानव बसवला.

मग महायुद्ध आलं. आँरी गोदिए-ब्झेस्का हा त्यांचा शिल्पकार जून १९१५ मध्ये आघाडीवर मारला गेला. वय २३, म्हणजे आपल्या एम.ई.च्या पोरांएवढं. एपस्टाईनने ड्रिल काढून टाकलं, पुतळा कमरेपासून कापला, हात छाटले आणि उरलेलं धड ब्राँझमध्ये ओतलं.

आपल्या वर्कशॉपच्या भिंतीवर यंत्रांचे चकचकीत फोटो आहेतच. त्यांच्या शेजारी या धडाचाही एक फोटो लावायला एचओडी सरांची हरकत नसावी.