विश्लेषण : बिनचिपचा ‘मेक मॉड’ की चिपवाला व्हेप? बॅटरीचं गणित नेमकं कुणी करायचं?

मे २०१८. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सेंट पीटर्सबर्ग शहरात एका घराला आग लागली. अग्निशमन दल आत शिरलं तेव्हा ३८ वर्षांच्या एका माणसाचा मृतदेह सापडला. अंग भाजलेलं होतं, पण शवविच्छेदनात मृत्यूचं कारण नोंदवलं गेलं ते डोक्यात घुसलेल्या तुकड्याची जखम हे. व्हेप फुटून त्याचे तुकडे थेट कवटीत गेले होते. अमेरिकेत व्हेपच्या स्फोटाने झालेला हा नोंदीतला पहिला मृत्यू.

आठ महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्ये २४ वर्षांचा एक तरुण व्हेपच्या दुकानाबाहेर गाडीत बसला होता. व्हेप फुटला, तुकड्याने मानेतली मुख्य रक्तवाहिनी कापली गेली आणि दोन दिवसांनी तो हॉस्पिटलमध्ये गेला.

दोन्ही घटनांतली उपकरणं ‘मेकॅनिकल’ प्रकारातली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. म्हणजे आत चिप नसलेली. फ्लोरिडातलं उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूने सांगण्यात आलं की आमचं उपकरण फुटत नाही, दोष बॅटरीत किंवा वर लावलेल्या अ‍ॅटमायझरमध्ये असावा. ही टाळाटाळ वाटेल, पण मेकॅनिकल व्हेपचं सगळं गुपित याच उत्तरात आहे. नळी एकाची, बॅटरी दुसऱ्याची, कॉइल स्वतः वळलेली. हे सगळं एकमेकांना झेपतंय का, हे तपासणारं आत काहीच नसतं.

हा विषय आता पुन्हा निघायचं कारणही आहे. ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकून द्यायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. तिथले लोक परत परत चार्ज होणाऱ्या उपकरणांकडे वळतायत आणि त्यासोबत ‘मेक घ्यावा की रेग्युलेटेड?’ हा जुना वादही रील्समध्ये परतलाय.

दोन्हींत फरक काय?

मेकॅनिकल मॉड, ज्याला वापरणारे ‘मेक’ म्हणतात, तो म्हणजे जवळपास जुन्या काळचा टॉर्च. धातूची नळी, आत बॅटरी, खाली बटण. फक्त बल्बच्या जागी तारेची वेटोळी म्हणजे कॉइल. बटण दाबलं की धातूला धातू टेकतो, बॅटरीतला करंट सरळ कॉइलमध्ये जातो, तार तापते आणि कापसातल्या द्रवाची वाफ होते. वायर नाही, डिस्प्ले नाही, बिघडण्यासारखं फार काही नाही.

रेग्युलेटेड व्हेपमध्ये बॅटरी आणि कॉइल यांच्या मध्ये एक सर्किट बोर्ड बसलेला असतो. बटण दाबल्यावर तो आधी कॉइलचा रोध मोजतो. तो फार कमी असेल तर करंट सोडतच नाही. शॉर्ट असेल तर थांबतो, बॅटरी साधारण ३ व्होल्टच्या आसपास उतरली की बंद होतो, बोर्ड तापला तरी बंद होतो आणि बटण दाबलेलंच राहिलं तर काही सेकंदांनी स्वतःच करंट तोडतो. किती वॅट हवेत ते वापरणारा ठरवतो, पण वरची मर्यादा चिपच्या हातात असते.

दहावीच्या पुस्तकातला नियम

मेकची सगळी भिस्त ओहमच्या नियमावर आहे. व्होल्टेजला रोधाने भागलं की करंट मिळतो. लिथियम आयन सेल पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट देतो. कॉइलचा रोध १ ओहम असेल तर ४.२ अँपिअर करंट वाहील. अर्धा ओहम असेल तर ८.४. मोठे ढग काढायचे म्हणून कॉइल ०.२ ओहमची केली तर २१ अँपिअर, म्हणजे सुमारे ८८ वॅट. लोड आला की व्होल्टेज थोडं उतरतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा किंचित कमी निघतो. पण सुरक्षिततेचा हिशोब पूर्ण चार्जवरच धरायचा असतो.

२१ अँपिअर म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगायचं तर घरात गीझरसाठी जो मोठा सॉकेट लावतात तो १६ अँपिअरचा असतो. व्होल्टेज कमी असल्याने शॉक बसत नाही. पण तेवढा करंट बोटभर जाडीच्या सेलमधून ओढला जातोय आणि तो सेल चेहऱ्यासमोर धरलेला आहे.

आता या तरुणाने आणखी एक तशीच कॉइल शेजारी लावली, तर रोध निम्मा होऊन ०.१ ओहम होतो. करंट ४२ अँपिअर. व्हेपमध्ये सर्रास वापरला जाणारा १८६५० सेल (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी) सलग २० ते ३० अँपिअर देऊ शकला तर तो चांगला सेल. त्याच्यापुढे ओढलं की आतली उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही. काही मेकमध्ये दोन सेल एकावर एक ठेवतात. मग ०.२ ओहमच्या कॉइललाही ८.४ व्होल्ट मिळतात आणि करंट पुन्हा ४२ अँपिअर. भागाकार सोपाच आहे. पण तो दर वेळी, झोपेतून उठल्यावरही, चुकून चालत नाही. रोध मोजायला वेगळं मीटर लागतं आणि ते सगळ्यांकडे नसतं.

गावाकडे फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे महाभाग असतात. फ्यूज उडायचा थांबतो आणि एके दिवशी भिंतीतली वायरिंग पेटते. मेक वापरणं हे साधारण तसंच आहे, फक्त इथे मुळातच फ्यूजची जागा ठेवलेली नसते.

सेलचं कातडं

१८६५० सेलचं जवळजवळ सगळं धातूचं अंग ऋण टोक असतं. धन टोक म्हणजे वरचं छोटं बटण. या दोघांच्या मध्ये असतो एक पातळ रिंगचा तुकडा आणि बाहेरचं प्लास्टिकचं आवरण. त्या आवरणाला वरच्या काठाशी चीर गेली की शॉर्टसर्किटला फक्त एका धातूच्या स्पर्शाची गरज उरते. खिशात किल्ल्या असतात, सुट्टे पैसे असतात. मेकमध्ये तर अख्खी नळीच धातूची.

‘हायब्रिड’ नावाच्या मेकमध्ये अ‍ॅटमायझरची मधली पिन थेट सेलच्या धन टोकावर टेकते. ती पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल तर पिनेऐवजी बाहेरचे आटेच सेलवर बसतात आणि बटण दाबताच शॉर्ट होतो. अनुभवी माणूस हे नजरेने ओळखतो. नवखा दुकानातून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग आणतो, आटे जुळतायत म्हणून खूश होतो आणि फिरवून बसवतो.

त्यात बाजारात खोट्या सेलचा सुळसुळाट आहे. १८६५० आकारात साधारण ३,५०० एमएएचच्या पुढे फारशी मजल जात नाही, तरी ऑनलाइन ९,९०० एमएएच छापलेले सेल मिळतात. अँपिअरचा आकडाही असाच फुगवलेला असतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये ग्राहकांना स्पष्ट इशारा दिला की सुटे १८६५० सेल विकत घेऊ नका आणि वापरू नका. हे सेल लॅपटॉप, पॉवर टूल अशा वस्तूंच्या बंद पॅकमध्ये, संरक्षक सर्किटसह बसवण्यासाठी बनवलेले असतात. सुटा सेल हातात घेऊन नळीत सरकवणं हा त्यांचा उद्देशच नव्हता.

सेल फुटतो तेव्हा तो गोळीसारखा का उडतो, याचं कारण त्याच्या आकारात आहे. गोल भिंत मजबूत, टोकं कमकुवत. आत वायू साठला की टोक उघडतं आणि जोर एकाच दिशेने जातो. अमेरिकी अग्निशमन प्रशासनाने आपल्या अहवालात त्याची तुलना छोट्या रॉकेटशी केली होती. याच प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या १९५ घटना गोळा केल्या. त्यांत १३३ जण जखमी झाले, ३८ जण गंभीर. ६१ घटना उपकरण किंवा सेल खिशात असताना घडल्या, ६० वापरताना, ४८ चार्जिंगला असताना. हे आकडे मेकॅनिकल आणि रेग्युलेटेड असे वेगळे केलेले नाहीत, त्यामुळे ‘मेक इतक्या पट धोकादायक’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या पोस्ट या आकड्यांवर उभ्या राहत नाहीत. पण खिशातल्या ६१ घटना हेही सांगतात की धोका बटण दाबण्यापुरता नाही.

मग मेक घेतात का लोक?

चव थेट येते, ढग मोठा निघतो, पाण्यात पडला तरी जळायला आत चिप नाही, तांब्या-पितळेचं नक्षीकाम दिसायला देखणं असतं. शिवाय स्वतः कॉइल वळून स्वतः हिशोब करण्यात एक कारागिरीचा अभिमान आहे. तो खोटा म्हणता येणार नाही. अडचण इतकीच की रीलमध्ये ढग दिसतो, मीटर दिसत नाही.

चिप आहे म्हणजे निर्धास्त?

नाही. बोर्ड स्वस्तातला असेल तर त्याचं संरक्षणही तसंच असतं. भलत्याच चार्जरवर लावलेला किंवा रात्रभर उशीखाली चार्ज होणारा रेग्युलेटेड व्हेपही पेटतो. सेलचं आवरण फाटलेलं असेल तर खिशात सुट्या ठेवलेल्या सेलला वाचवायला चिप तिथे नसतेच. आणि चिप करंट मोजते, निकोटीन नाही. व्यसन दोन्हींनी सारखंच लागतं.

इथे एक गल्लत सोशल मीडियावर हमखास दिसते. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या आजाराची जी साथ आली, तिच्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यू नोंदले गेले. तिचा बॅटरीशी संबंध नव्हता. तिथे मुख्य संशय गेला तो गांजातल्या टीएचसीच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर. तो वेगळा धोका, हा वेगळा.

चिपचं महत्त्व मराठी वाचकाला एका जवळच्या उदाहरणावरून पटकन कळेल. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. देशात त्या उन्हाळ्यात अशा घटना एकामागून एक घडल्या. त्यानंतर केंद्राने वाहनांच्या बॅटरीचे एआयएस-१५६ नियम कडक केले आणि बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमवर, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटवर, भर दिला. स्कूटर बिनबोर्डाची विकायची कल्पनाही कुणी करणार नाही.

सरकारांनी काय केलं?

युरोपीय संघाने २०१६ पासून द्रवावर बारीक नियम लावले. निकोटीन मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नको. अमेरिकेत एफडीएचे नियम ८ ऑगस्ट २०१६ पासून व्हेपला लागू झाले. पण नवीन किंवा बदललेलं उत्पादन आणायचं तर आधी मंजुरी, या अटीमुळे बॅटरीची सुरक्षितता वाढवणारा बदलही लांबतो, अशी तक्रार उद्योगातून झाली. जुलै २०१७ मध्ये एफडीएने बॅटरीच्या धोक्यासाठी मानकं आणण्याचा इरादा जाहीर केला. वर सांगितलेले दोन्ही मृत्यू त्यानंतरचे आहेत. विद्युत भागासाठी यूएल ८१३९ नावाचं मानक तयार झालं, पण दुकानातल्या प्रत्येक उपकरणावर ते असेलच असं नाही. द्रवात काय आहे यावर जितका खल झाला, तितका नळीत काय आहे यावर झाला नाही.

भारताने वेगळा रस्ता धरला. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात सगळ्यावरच बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मेकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स नसतं, म्हणून तो कायद्यात येत नाही’ हा युक्तिवाद इन्स्टाग्रामवर चालतो, पण कायद्याची व्याख्या नाव, आकार, रूप काहीही असो, असं म्हणते. जाहिरातीत अप्रत्यक्ष प्रचारही येतो. म्हणजे फॉलोअर्स वाढवायला एखाद्या विक्रेत्याचा व्हेप हातात घेऊन रील टाकणारा मुलगाही यात अडकू शकतो.

बंदीमुळे माल थांबला असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने सुमारे दोन लाख ई-सिगारेट पकडल्या. जे पकडलं जात नाही ते टपऱ्यांमागे आणि टेलिग्रामवर विकलं जातं. बंदी असलेल्या वस्तूला मानक नसतं, बिल नसतं, तक्रार करायला दुकानदार नसतो. पिशवीत गुंडाळून आलेल्या उपकरणात चिप आहे की नाही, असली तरी ती काय तपासते, सेल कुठला, हे घेणाऱ्याला कळायचा मार्गच राहत नाही. परदेशात निदान निवड करता येते. इथे ती आधीच कुणीतरी केलेली असते आणि ती सहसा सर्वात स्वस्त पर्यायाची असते.

लंडन किंवा दुबईहून मुंबईला येणाऱ्यांसाठी नियम आणखी सरळ आहे. विमानात व्हेप चेक-इन बॅगेत ठेवायला २०१५ पासून आंतरराष्ट्रीय मनाई आहे, कारण सामानाच्या कप्प्यात सेल पेटला तर विझवायला तिथे कुणी नसतं. म्हणून तो हातातल्या बॅगेत येतो आणि मुंबईत उतरल्यावर कस्टम्सच्या दृष्टीने तो आयातीला बंदी असलेला माल ठरतो, मेकॅनिकल असो वा रेग्युलेटेड.