नीलांजनेचे नृत्य आणि मुलचेऱ्याचा रंगमंच

आचार्य जिनसेनांच्या ‘आदिपुराणा’त भगवान ऋषभदेवांच्या वैराग्याला एक नृत्य निमित्त ठरते. भरसभेत नृत्य करता करता नीलांजनेचे आयुष्य सरते. इंद्र तत्क्षणी तिच्या जागी दुसरी नर्तकी उभी करतो. सभेला हा बदल उमगत नाही, ऋषभदेवांना उमगतो. कला केवळ करमणूक असती, तर पुराणकारांनी वैराग्याची वाट रंगमंचावरून नेली नसती.

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा या वनव्याप्त तालुक्यात गोंडी व मराठी बोलणाऱ्यांच्या शेजारी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली कुटुंबे नांदतात. अशा ठिकाणी महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन म्हणजे तीन भाषांची भेट होय. एकाच मंचावर रेला नृत्याचा फेर, बंगाली गीत आणि झाडीबोलीतील नाट्यप्रवेश यांना स्थान मिळू शकते.

या मुलांमागे झाडीपट्टी रंगभूमीचा वारसा आहे. धान घरात आले की गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. वडशाला नाट्यमंडळांचे प्रयोग ठरतात आणि अनेक घरांच्या चुली त्यांवर पेटतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले.

तरीही संमेलनाची वर्गणी मागायला आलेली मुले अनेकदा दुकानाच्या पायरीवरूनच परततात. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही दाने श्रावकाला परिचित आहेत. वर्गात मान खाली घालून बसणारी मुलगी मंचावर निर्भयपणे बोलू लागते, तेव्हा तिच्या पोशाखाला लागलेले चार पैसे अभयदानाच्या फार दूर नसतात.