बैठक पक्की हवी

'खुर्ची' हा शब्द आपल्याकडे फार मोठा होऊन बसला आहे. खुर्ची मिळते, खुर्ची जाते, खुर्चीसाठी माणसे पक्ष बदलतात. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय ती खुर्ची नव्हे. पाच पायांची, प्रत्येक पायाखाली चाक असलेली, पूर्वी फक्त साहेबांच्या टेबलामागे आणि आता घरोघरी संगणकापुढे दिसणारी जी साधी खुर्ची, तिच्याविषयी मला लिहावयाचे आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्या शहरातील हजारो घरे पायाने चालणाऱ्या यंत्रांवर जगली, त्या सोलापुरात तरी तो क्षुल्लक नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न असा आहे. संगणकावर मोटार चालविण्याचा सराव करता यावा म्हणून हल्ली स्टिअरिंग आणि पायडल मिळतात. या साधनाला सिम्युलेटर म्हणतात. मुले त्यावर ट्रक चालविण्याचे खेळ खेळतात हे खरे. पण ही गोष्ट आता खेळापुरती राहिलेली नाही. केंद्र सरकारने २०२१ साली मान्यताप्राप्त वाहनचालक प्रशिक्षण केंद्रांसाठी नियम केले, त्यांत सिम्युलेटर असणे आवश्यक ठरविले. चांगल्या केंद्रातील सिम्युलेटरला त्याचे आसन जोडलेलेच असते. ज्यांना ते परवडत नाही, ते टेबलाला स्टिअरिंग अडकवितात, पायडल फरशीवर ठेवतात आणि समोर चाकांची खुर्ची ओढून बसतात. मग ब्रेक दाबला की मोटार थांबण्याऐवजी चालकच मागे जातो!

यात खुर्चीचा दोष नाही आणि बसणाऱ्याचाही नाही. न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे की, प्रत्येक क्रियेला तेवढीच विरुद्ध प्रतिक्रिया असते. पाय पायडलला जेवढ्या जोराने पुढे ढकलतो, तेवढ्याच जोराने पायडल आपल्याला मागे ढकलते. माणूस आणि खुर्ची मिळून सत्तर किलो वजन धरले, तर गुळगुळीत फरशीवर चाकांची खुर्ची हलवायला दोन-तीन किलोंचा जोर पुरतो. साधी चार पायांची लाकडी खुर्ची तेवढ्याच वजनाने सरकवायची तर सुमारे वीस किलोंचा जोर लागतो. ब्रेक नेटाने दाबायचा म्हणजे दोन-तीन किलोंत भागत नाही. तेव्हा खुर्ची पळणारच.

आता आपल्या शहराकडे पाहा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे हातमाग रुजविला. त्यातील खड्डामाग ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आठवेल की विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पट्ट्या आळीपाळीने दाबतो. पट्टी दाबली की उभे धागे वर-खाली उघडतात व मधून धोटा जातो. दिवसभर पाय चालत असूनही बैठक तसूभर हलत नाही, कारण ती जमीनच आहे. दुसरे उदाहरण शिंप्याच्या पायमशीनचे. तिचे पायडल गुडघ्यांच्या बरोबर खाली असते. जोर पुढे न जाता खाली जातो, म्हणून साधे स्टूलही जागचे हलत नाही. तिसरे उदाहरण एस.टी.चे. चालकाचे आसन आणि ब्रेकचे पायडल ही दोन्ही एकाच गाडीला पक्की केलेली असतात. पाय पुढे ढकलतो, पाठ मागे रेलते, आणि दोन्ही जोर त्या एकाच सांगाड्यात एकमेकांना भेटून संपतात.

म्हणजे उपाय तीन झाले: बैठक जमिनीला पक्की करा, जोर खाली वळवा, नाहीतर बैठक आणि पायडल एकमेकांना जोडा. चाकांच्या खुर्चीपुढे पायडल मांडणारा यांपैकी एकही करीत नाही.

तिसरा उपाय घरच्या घरी सहज होतो. पायडलच्या पाटापासून खुर्चीच्या दोन पायांना एक मजबूत पट्टा किंवा दोरी बांधावी आणि आपल्या सोयीच्या अंतरावर ती ताठ राहील असे पाहावे. मग ब्रेक कितीही जोरात दाबा, पायडल पुढे जाऊ पाहते, खुर्ची मागे जाऊ पाहते, आणि दोरी दोघांनाही धरून ठेवते. दोरी एका पायाला न बांधता दोन पायांना बांधली, म्हणजे खुर्चीचा खालचा भाग तिरका होत नाही. याहून सोपे म्हणजे खुर्ची भिंतीला टेकविणे. पुष्कळ खुर्च्यांची चाके ओढून काढता येतात. त्यांच्या जागी स्थिर बूड बसविता येते. आणि सर्वांत सोपे म्हणजे घरातील चार पायांची लाकडी खुर्ची घेणे. चाकांखाली जुन्या चपला सारणे हा उपाय मात्र तात्पुरता. जोर वाढला की चाक त्यावरून चढून जाते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी लेख कशाला? खुर्ची सरकली तर माणूस पुन्हा पुढे येईल. पण पायाला लागलेली सवय सहज सुटत नाही. खुर्ची सरकू नये म्हणून शिकणारा हळूहळू ब्रेक अर्धाच दाबू लागतो. हाच पाय उद्या खऱ्या ट्रकच्या ब्रेकवर पडणार आहे. ज्याला चालक म्हणून पोट भरावयाचे आहे, त्याने पहिला धडाच चुकीचा घेतला तर त्याची किंमत रस्त्यावरच्या दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागेल.

आणि प्रश्न फक्त चालकांचाही नाही. सोलापुरात शाळांचे गणवेश मोठ्या प्रमाणावर शिवले जातात. विजेच्या शिलाई मशीनवर पायाचा जोर थोडाच लागतो, पण तो दिवसभर लागतो. पायडल दाबून वेग वाढवायचा, पाय सैल करून थांबायचे. अशा कामाला कोणी चाकांची खुर्ची दिली, तर बसणारीला एका पायाने मशीन चालवावी लागेल आणि दुसऱ्या पायाने स्वतःला धरून ठेवावे लागेल. संध्याकाळी पोटऱ्या आणि कंबर का दुखते हे तिला कोणी सांगणार नाही, उलट "चांगली खुर्ची दिली तरी तक्रार!" असे मात्र ऐकावे लागेल.

मग चाकांची खुर्ची आपण घेतो तरी का? माझ्या मते तिला आपण प्रतिष्ठेची खूण मानतो म्हणून. ज्या घरातून कॉलेजात जाणारा मुलगा पहिलाच, त्या घरात ही खुर्ची म्हणजे माग सुटल्याची आणि टेबल मिळाल्याची ग्वाही असते. ही भावना मी चांगली ओळखतो आणि तिला हसत नाही. परंतु चाके कोणासाठी लावली, हेही पाहावे. चार्ल्स डार्विनच्या डाऊन हाऊसमधील अभ्यासिकेत चाके लावलेली खुर्ची होती. एका नमुन्याकडून दुसऱ्या नमुन्याकडे सरकण्यासाठी ती सोयीची. ज्याचे हात आणि डोळे काम करतात आणि पाय मोकळे असतात, त्याच्यासाठी ती उत्तम आहे. पायाने काम करणाऱ्याला ती शोभेची.

आपल्या आजोबा-आजींना न्यूटनचे नाव ठाऊक नव्हते. पण बैठक कशी असावी हे त्यांना ठाऊक होते. आपण शिकलो म्हणजे त्यांचे हे ज्ञान मागासलेले ठरत नाही. शिक्षणाने झालेच तर एवढे व्हावे की, त्यांनी अनुभवाने जे साधले त्याचे कारण आपल्याला सांगता यावे. म्हणून प्रशिक्षण वर्ग, शिवणवर्ग, कारखाने आणि आपले महाविद्यालय यांना माझी विनंती आहे: खुर्च्यांची खरेदी करताना चित्रांच्या पुस्तकातली खुर्ची पाहून ठरवू नका. बसणाऱ्याचे पाय काय काम करणार आहेत ते आधी पाहा, आणि शक्य असेल तर त्यालाच विचारा.