‘इतर’ या सदराखालचा खर्च

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास मी परळच्या एका गल्लीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून शरीरसौष्ठव स्पर्धा पाहत होतो. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी अशा ठिकाणी जाण्याचे मला काही कारण नव्हते. पण आमच्या मजल्यावरचा एक मुलगा त्या दिवशी पहिल्यांदाच ‘स्टेजवर चढणार’ होता आणि त्याच्या आईने ‘काका, तुम्हीसुद्धा चला’ म्हटले, ते मोडवेना. रस्त्याच्या एका टोकाला मंडप, समोर पंचांचे टेबल, दोन्ही अंगांना चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी वाकलेल्या. निवेदक दर दोन मिनिटांनी कोणा ना कोणा पाहुण्याचे स्वागत करीत होता आणि मधल्या वेळात स्पर्धा चालली होती.

दुपारीच वजने झाली होती. ५५ किलो, ६०, ६५, ७० असे गट पडत जातात. आपल्या गटाचे नाव पुकारले की मुले रांगेने येतात आणि पंच सांगतील त्या पोझेस देतात. दंड, छाती, पाठ, पोट, मांड्या, सारे समोरून, बाजूने, पाठमोरे. प्रत्येक पोझ काही सेकंदांची. आमच्या मुलाच्या वाट्याला मंचावरची एकूण दहा मिनिटे आली असतील. त्या दहा मिनिटांसाठी त्याने सोळा आठवडे खर्च केले होते. अंगभर चोपडलेल्या गडद रंगामुळे सगळी मुले एकाच साच्यातून काढलेल्या पितळी मूर्तींसारखी दिसत होती. वेगळे होते ते चेहरे. गाल बसलेले, ओठांना चिरा पडलेल्या. शुक्रवार संध्याकाळपासून त्याने पाण्याचा घोट घेतला नव्हता. कातडीखालचे पाणी आटले की स्नायूंच्या रेषा उठून दिसतात म्हणून हा उपास. त्याची आई पाण्याची बाटली छातीशी धरून मंडपाच्या कोपऱ्यात उभी होती, त्याचा नंबर कधी लागतो यापेक्षा तो खाली कधी उतरतो याकडे तिचे लक्ष.

७० किलो गटात त्याला तिसरा क्रमांक मिळाला. तीन हजार रुपये, एक मानचिन्ह आणि प्रोटीन पावडरचा एक डबा. गॅलऱ्यांतून शिट्ट्या झाल्या, मीही टाळ्या वाजवल्या. खोटे का सांगू, मला त्याचे कौतुकच वाटले. दोन वर्षांपूर्वी हाच मुलगा नाक्यावर उभा राहून गुटखा चघळत असे. आता तो पहाटे पाचला उठत होता. वेळेवर खाणे, वेळेवर झोपणे आणि आपल्या शब्दाला जागणे त्याला याच खेळाने शिकवले होते. जिमला नाके मुरडणारी आमच्या पिढीची माणसे हे हिशेबात धरत नाहीत.

हिशेब माझ्यापुढे आला तो पंधरा दिवसांनी. त्याची आई एका सकाळी वही आणि एक पावती घेऊन आली. सोने तारण ठेवून साठ हजार काढले होते, त्याचे व्याज कसे भरायचे ते तिला विचारायचे होते. मी आयुष्यभर बँकेत असल्या पावत्या पाहिल्या आहेत. दागिन्यांच्या यादीत ‘मंगळसूत्र’ हा शब्द आला की लेखणी क्षणभर थांबायचीच. वही मात्र मी प्रथमच पाहत होतो. बाईंनी सोळा आठवड्यांचा खर्च तारीखवार लिहिला होता.

रोजची पंधरा अंडी, त्यांचे दहा हजार नऊशे. रोजचे अर्धा किलो बोनलेस चिकन, त्याचे एकोणीस हजार. पावडरीचे चार डबे, बावीस हजार. जिमची फी सहा हजार, ‘कोच’ची फी सोळा हजार. चड्डी, रंग, फोटो, प्रवेश फी, सारे मिळून पाच हजार. बेरीज एकोणऐंशी हजारांच्या आसपास. मुलगा एका कुरिअर कंपनीत एकोणीस हजारांवर आहे, म्हणजे चार महिन्यांचा सगळा पगार शहात्तर हजार. पंधरापैकी बारा अंड्यांचा बलक तो काढून टाकायचा आणि त्या बलकांची भुर्जी करून बाकीचे घर चार महिने तीच खात होते. बाईंनी हे हसत सांगितले. पुढच्या ओळीला मात्र त्या हसल्या नाहीत. ‘इतर : अकरा हजार चारशे.’

बँकेच्या शाखा तपासणीला गेलो की मी आधी ‘किरकोळ’ आणि ‘इतर’ ही सदरे उघडायचो. जे नाव घेऊन लिहिता येत नाही ते तिथे जाऊन बसते. ‘इतर म्हणजे काय?’ मी विचारले. ‘तो म्हणाला, इतरच लिही.’

मुलाने मला नंतर सांगितले, खाली मान घालून, पण सांगितले. गोळ्या होत्या, इंजेक्शने होती. कोचने आणून दिली होती, चिठ्ठी नव्हती, बिल नव्हते. ‘काका, सगळेच घेतात. मी नाही घेतले तर पहिल्या दहातसुद्धा उभा राहणार नाही.’ या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. पूर्ण उत्तर अजूनही नाही.

‘सगळेच’ ही अतिशयोक्ती आहे, हे मी जाणतो. स्वच्छ अंगाने खेळणारी मुले आहेत आणि आता मुलींच्या गटांतही ती दिसतात. पण धूर कुठून येतो आहे हे उघड आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ साली भारतात खेळाडूंचे ५,६०६ नमुने तपासले गेले, त्यांत २१३ दोषी निघाले. २०२४ साली ७,११३ नमुन्यांत २६०. मोठ्या संख्येने तपासणी करणाऱ्या देशांत आपले प्रमाण सर्वांत वरचे. हे सगळे नोंदणीकृत, वरच्या पातळीवरचे खेळाडू, ज्यांना आपली तपासणी होऊ शकते हे ठाऊक असते. गल्लीतल्या ‘श्री’च्या मंडपामागे नमुन्याची बाटली घेऊन कोणी उभे नसते. २०२२ साली संसदेने उत्तेजकविरोधी कायदा केला, त्याचा हात अजून या मंडपापर्यंत पोचलेला नाही.

शिवाय या मुलांच्या सिरिंजमध्ये असते तरी काय? शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी डॉक्टर वापरतात ते मेफेन्टरमाइन जिमच्या मुलांना चोरून विकताना पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पोलिसांनी गेल्या काही वर्षांत माणसे पकडली आहेत. त्याने स्नायू वाढत नाहीत, हृदय धावत सुटते आणि माणसाला आपण थकलोच नाही असे वाटते. स्टेरॉइडची गोष्ट निराळी. बाहेरून पुरुषी संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे उत्पादन बंद करते. औषध थांबवल्यावर ते पुन्हा सुरू व्हायला महिनेच्या महिने लागतात, आणि तेवढ्या काळात बाप होण्याची क्षमताही खालावलेली असते. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा भार यकृतावर पडतो. हृदयाच्या भिंती जाड होतात. पाणी आटवण्याच्या औषधांबद्दल तर बोलायलाच नको. मोहम्मद बेनअझीझा हा अल्जीरियात जन्मलेला नामांकित व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू १९९२ साली हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांतच वारला, त्यामागे हीच औषधे होती. आपल्या मुलांना त्याचे नावही माहीत नसते.

बरे, ज्या डब्यांना आपण निरुपद्रवी समजतो त्यांचे काय? २०२४ साली केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने बाजारातली ३६ प्रोटीन उत्पादने तपासली गेली. त्यांतल्या २५ डब्यांवर लिहिलेले प्रोटीनचे प्रमाण आतल्या मालाशी जुळत नव्हते. आणि मुळात एवढे लागते का? व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दीड-पावणेदोन ते फार तर सव्वादोन ग्रॅम प्रोटीन पुरते, असे आजवरचे संशोधन सांगते. आमच्या मुलाच्या वहीवरून मी हिशेब मांडला, तर तो किलोमागे तीन ग्रॅमच्या घरात खात होता. म्हणजे पावडरीचे बावीस हजार रुपये गेले ते बहुतांशी भीतीपोटी, आपण कुठे कमी पडू या भीतीपोटी.

पूर्वी सगळे सोवळे होते, असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. पण एक फरक मला हिशेबनीस म्हणून दिसतो. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले तेव्हा गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तारण तेव्हाही होतेच, पण ते मल्लाच्या आईच्या गळ्यातले नव्हते. गिरणगावातल्या व्यायामशाळांची वर्गणी नाममात्र असे, वस्ताद फी मागत नसे आणि पोराने काही वावगे केले तर ते वस्तादाच्या कानावर पहिल्यांदा जाई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, तसे हे आधारही सुटत गेले. आता तोच वस्ताद फी घेणारा कोच आहे, तोच दुकानदार आहे आणि क्वचित तोच औषधवालाही. ज्याने आवर घालायचा त्यालाच विक्रीत नफा. बँकेत आम्ही कर्ज मंजूर करणारा आणि पैसे मोजून देणारा एकच माणूस कधी ठेवीत नसू.

मुलाला यातून हवे तरी काय, हेही विचारले. तो म्हणाला, रेल्वे. खेळाडूंच्या कोट्यातून शरीरसौष्ठवपटूंना रेल्वेत, पोलिसांत नोकऱ्या लागल्या आहेत, हे खरेच आहे. आमच्या बँकेतही कबड्डीपटू घेत असत. पण ती दारे अरुंद आहेत. हा खेळ ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हता, आशियाई क्रीडा स्पर्धांत २००२ साली बुसानला आणि २००६ साली दोह्याला दिसला आणि गेला. आपल्याकडे संघटना एकमेकींना मानत नाहीत, त्यामुळे एकाच जिल्ह्यात दोन ‘श्री’ निवडले जातात आणि कोणाचे प्रमाणपत्र चालेल ते अर्ज भरेपर्यंत कळत नाही. हे सगळे साठ हजारांच्या कर्जाआधी त्याला कोणी सांगितले नव्हते.

मंडळांनी एवढे तरी करावे. त्या रात्रीच्या मंचावर मी पाहुण्यांच्या चेहऱ्यांचे अकरा फलक मोजले. त्यांतल्या चार फलकांचे पैसे बाजूला काढून प्रत्येक गटाच्या विजेत्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा आणि निकाल आल्यावरच बक्षिसाचा धनादेश द्यावा. वजनाच्या वेळी एक डॉक्टर बसवावा. ज्याची नाडी ठिकाणावर नाही त्याला त्या दिवशी घरी पाठवावे. प्रेक्षक थोडे कमी येतील, शरीरेही थोडी लहान दिसतील. दिसू देत.

मुलाला मी माझ्या डॉक्टरांकडे नेले. यकृताचे आकडे वाढलेले निघाले. जोराच्या व्यायामानेही त्यांतले काही आकडे वाढतात, तेव्हा आठ दिवस जिम बंद ठेवून पुन्हा तपासू, असे डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या खेपेला आकडे उतरले, पण पूर्ण नाही. कोच त्याने बदलला. जिम सोडलेली नाही आणि सोड असे मीही म्हटलेले नाही. डिसेंबरात पुन्हा स्पर्धा आहेत. अंडी सहावर आली आहेत, बलकासकट. सोने अजून सुटलेले नाही.

वही त्याची आईच लिहिते. ‘इतर’ हे सदर तिने खोडून टाकले. जे घेशील त्याचे नाव सांग, नाहीतर पैसे माग नकोस, असे तिने त्याला बजावले आहे. परवा व्याजाची पावती दाखवायला आली तेव्हा मी शेवटचे पान पाहिले. दूध, अंडी, केळी, आणि खाली : रक्ततपासणी, बाराशे पन्नास.