मागच्या खुर्चीतली वकील

शनिवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही काय करत होतात? पांघरुणात ना? मी पुण्यातल्या एका लॉ कॉलेजच्या कँटीनमध्ये उभी होते आणि आजूबाजूला शंभरेक काळे कोट वडापाव खात होते. गळ्यातले पांढरे बँड चटणी लागू नये म्हणून खांद्यावर टाकलेले! कुणी भिंतीशी हुज्जत घालतंय, कुणी आंब्याच्या झाडाला ‘युअर लॉर्डशिप’ म्हणतंय. लग्नघर आणि बोर्डाची परीक्षा एकाच मांडवात, असा एकूण माहोल.

निमित्त होतं मूट कोर्ट स्पर्धेचं. मूट कोर्ट म्हणजे खोटी केस आणि खरं टेन्शन. घटना काल्पनिक, पण कायदा अस्सल. साक्षीदार नाहीत, ‘तारीख पे तारीख’ नाही. फक्त युक्तिवाद. गंमत म्हणजे प्रत्येक टीमला दोन्ही बाजूंचं लेखी म्हणणं तयार करावं लागतं. सकाळी ज्याच्यासाठी जीव तोडून भांडलात, दुपारी त्याच्याच विरोधात उभं राहायचं! हौशी लोकांचा उद्योग वाटतोय? अजिबात नाही. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात वर्षाला तीन मूट आहेत, प्रत्येकी १० मार्कांच्या. आणि या खेळातला वर्ल्ड कप म्हणजे १९६०मध्ये सुरू झालेली जेसप स्पर्धा. आपल्या बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने ती १९९९ आणि २०१३ अशी दोनदा जिंकलीय.

टीममध्ये तिघं असतात. दोन स्पीकर आणि एक रिसर्चर. स्पीकर बोलतात. रिसर्चर मागच्या खुर्चीत बसतो, मांडीवर जाडजूड बाइंडर घेऊन. माझी मावसबहीण त्या खुर्चीत होती. म्हणून तर मी शनिवारची झोप मोडली!

ही बया सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. बारावीपर्यंत मराठी मीडियम, आता लॉच्या तिसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षी कॉलेजातल्या मूटमध्ये ती स्पीकर म्हणून उभी राहिली होती. तिसाव्या सेकंदाला जजनी पहिला प्रश्न टाकला. हिने तो मनात मराठीत नेला, उत्तर मराठीत तयार केलं आणि परत इंग्रजीत आणेपर्यंत दुसरा प्रश्न आला. मग तिसरा. मग शांतता. त्या दिवसापासून तिने जाहीर करून टाकलं, ‘ताई, आपलं काम मागे बसायचं.’

यंदाची केस आपल्या सगळ्यांच्या जवळची होती. ॲपवरून जेवण पोचवणाऱ्या एका मुलाचा अपघात होतो. कंपनी म्हणते, हा आमचा नोकरच नाही, भरपाई कसली? ही टीम मुलाच्या बाजूने. पहिला स्पीकर काय बोलत होता महाराजा! फाडफाड इंग्रजी, कोटाला इस्त्री, चेहऱ्यावर कॉन्फिडन्स. आणि मधेच बेंचने त्याला अडवलं : २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग वर्करची व्याख्याच मुळी पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा अशी आहे. मग तुम्ही भरपाई मागता कुठल्या तोंडाने?

साहेब गप्प.

मागच्या खुर्चीत पानं फडफडली. बेंचची परवानगी घेऊन एक चिठ्ठी पुढे गेली. चिठ्ठीत होता सुप्रीम कोर्टाचा १९५६चा निकाल, धारंगध्रा केमिकल वर्क्सचा. सौराष्ट्रातल्या मिठागरात राबणाऱ्या अगरियांची केस. त्यांना ठरलेले तास नव्हते, हजेरीपट नव्हता, मोजदाद मिठाच्या वजनावर. कंपनीचं म्हणणं तेव्हाही तेच, हे आमचे कामगार नाहीत. कोर्टाने मात्र त्यांना कामगार मानलं, कारण कामावर लगाम कंपनीचा होता. मिठागराच्या जागी मोबाइल ठेवा, झाला युक्तिवाद तयार! स्पीकरचा आवाज परत आला. जजनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. कुणाच्या नावापुढे, ते सांगायला नकोच.

टीम सेमीफायनलला हरली. तरी सेमीफायनल म्हणजे कॉलेजसाठी मोठी गोष्ट. संध्याकाळपर्यंत इन्स्टावर पोस्टर झळकलं. दोन हसरे स्पीकर आणि खाली बारीक टायपात तिसरं नाव. मीच ते झूम करून वाचलं. ‘तुला राग नाही येत?’ मी विचारलं. ‘बोलले तेच ना ते,’ ती म्हणाली. आवाज मात्र बारीक टायपातलाच होता.

समारोपाला पाहुणे होते एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश. पाहुणे म्हटलं की शाल, श्रीफळ आणि पाऊण तासाची समाधी, हे आपण कॉलेजपासून शिकलोय. मी मोबाइल काढणार तेवढ्यात त्यांनी भाषणाऐवजी प्रश्नच विचारला. अभ्यासक्रमात दोन खटले बघून त्याची डायरी लिहायची असते, ३० मार्कांची. ती सीनियरची न उतरवता लिहिलेले किती? आणि तालुक्याच्या कोर्टात पूर्ण दिवस बसलेले किती?

हॉलमध्ये हशा पिकला. दुसऱ्या प्रश्नाला हात चार-पाचच वर. त्यातला एक आमचा.

‘काय पाहिलंस?’ सरांनी मराठीत विचारलं. आणि ही उभी राहिली. माइक नाही, चिठ्ठी नाही. वडिलांचा जमीनवाटपाचा दावा, शाळेत असताना त्यांच्यासोबत केलेल्या खेपा, सकाळी अकरापासून नावाच्या पुकाऱ्याची वाट, आणि संध्याकाळी हातात पुढची तारीख. ‘वकीलसाहेब आत काय बोलले, ते बाबांना कधीच कळलं नाही. विचारायची भीती वाटायची. ते समजून सांगणारं कुणीतरी असावं, म्हणून मी इथे आले,’ ती म्हणाली. मोजून दोन मिनिटं. हॉल एकदम चिडीचूप.

सर म्हणाले, महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८मध्येच निघालीय. हायकोर्टात मात्र इंग्रजी. वकिलाला दोन्ही घाट चढावे लागतात. ‘एक तू चढलेली दिसतेस. दुसऱ्याला घाबरून चालणार नाही.’

स्तुती होती की कानउघाडणी, कोण जाणे! परत येताना रिक्षात ती गप्पच होती. रात्री अकराला मेसेज आला : ‘ताई, पुढच्या महिन्यात कॉलेजची मूट. स्पीकर म्हणून नाव दिलंय.’

‘आणि परत ब्लँक झालीस तर?’

‘होईन. मग पुढचं वाक्य बोलेन.’

‘रिसर्च कोण करणार?’

‘मीच. त्या बाइंडरमधलं दुसऱ्या कुणाला काही सापडणार आहे का?’

सोमवारी तुमच्याही ऑफिसात मीटिंग असेल. एकजण टाय सारखा करत पीपीटी दाखवेल, टाळ्या घेईल. ती पीपीटी रात्री दोन वाजता जिने बनवली ती मागे भिंतीला टेकून बसलेली असेल. तिला एक कॉफी पाजा. आणि ती तुम्हीच असाल तर? पुढची मीटिंग कधी आहे, बघा. नाव देऊन टाका.