मंत्री झालेला प्राचीनवेत्ता

विद्वान मंत्री झाला की त्याच्यातला विद्वान संपतो, हे वाक्य आपल्या साहित्यवर्तुळात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते सिद्ध करण्याची जबाबदारी आता कोणालाच वाटत नाही. दाखल्यासाठी झाही हवास यांचे नाव पुढे करता येते. इजिप्तच्या प्राचीन संस्कृतीचा हा जगप्रसिद्ध अभ्यासक. १९८७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट, २००२ पासून पुरावस्तूंच्या सर्वोच्च परिषदेचे प्रमुखपद, आणि ३१ जानेवारी २०११ रोजी, मुबारक यांना हटवण्यासाठी लोक कैरोच्या रस्त्यांवर उतरलेले असताना, त्याच मुबारक यांच्या मंत्रिमंडळात प्रवेश. तीनच दिवस आधी कैरोचे संग्रहालय फोडले गेले होते. काही चोरीस गेलेले नाही असे हवास प्रथम सांगत राहिले. फेब्रुवारीत काही मूर्ती नाहीशा झाल्याचे त्यांनाच जाहीर करावे लागले. मार्चमध्ये राजीनामा, महिनाअखेरीस पुन्हा मंत्रिपद, जुलैत गच्छंती.

हवासांविषयी मला ममत्व नाही. पण एका माणसाच्या घसरणीवरून सर्व विद्वानांसाठी नियम काढणे ही बौद्धिक आळसाची खूण आहे. आणि या नियमाला छेद देणारे उदाहरण शोधायला आपल्याला नाईल नदीकाठी जावे लागत नाही. नवलाख उंबऱ्याची मुले पुढच्या शिक्षणासाठी ज्या तळेगाव दाभाड्याला येतात, त्याच गावात त्याचा बंगला आहे : डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आंबेडकरांना प्राचीनवेत्ते म्हटले की अनेकांच्या भुवया उंचावतात. अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, घटनाकार ही विशेषणे चालतात. हे चालत नाही. वस्तुस्थिती अशी की १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी प्राचीन भारताच्या व्यापारावर प्रबंध लिहिला. शूद्रांच्या उगमाविषयीचा त्यांचा ग्रंथ १९४६ चा. अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा ग्रंथ १९४८ चा. म्हणजे ते स्वतंत्र भारताचे कायदामंत्री असताना प्रसिद्ध झालेला. मंत्रिपदाने विद्वान संपवला म्हणणाऱ्यांनी निदान ही साल तरी पाहावी.

त्यावर ठरलेला आक्षेप येतो : त्यांना संस्कृत कुठे येत होते? हा आक्षेप घेणाऱ्यांनी शूद्रांवरील ग्रंथाची प्रस्तावना वाचलेली नसते. संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही, हे लेखकाने तिथे स्वतःच सांगून टाकले आहे. अस्पृश्यांवरील ग्रंथातही, पुरावा तुटतो तिथे आपण अनुमानाने दुवा जोडला आहे, याची कबुली आहे. त्यांचे सगळे निष्कर्ष आज टिकतात असे नाही. इतिहासकारांनी त्यांतले काही नाकारले आहेत. नाकारावेतच. पण नाकारण्यासाठीसुद्धा आधी ते इतिहासलेखन म्हणून वाचावे लागते, आणि नेमके तेच टाळले जाते.

खरा मुद्दा हिंदू कोड बिलाचा आहे. फेब्रुवारी १९४९ मध्ये या विधेयकाच्या समर्थनार्थ बोलताना कायदामंत्र्यांनी सभागृहासमोर स्मृतिकारांची साक्ष काढली. मुलीला वारसाहक्क ही परकी कल्पना आहे असा गदारोळ चालला होता. आंबेडकरांनी दाखवून दिले की स्मृतिकारांत अग्रगण्य मानले गेलेले याज्ञवल्क्य आणि मनू हे दोघेही मुलीला चतुर्थांश वाटा देतात. ज्या मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, तिच्यातलेच वचन सनातन्यांच्या पुढ्यात ठेवले गेले! याला राजकीय चातुर्य म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वास्तविक ग्रंथ जाळण्याइतका आणि उलटतपासणीला उभा करण्याइतका, दोन्ही प्रकारे तो ज्याने वाचला होता, अशा अभ्यासकाचे ते काम होते.

त्याच काळात, मंत्रिपदावर असतानाच, ‘महाबोधी’ या नियतकालिकात त्यांचा हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवरील निबंध आला. स्त्रियांच्या अधोगतीला बुद्ध जबाबदार, या आरोपाचे ते खंडन होते. पाणिनी, पतंजली, कौटिल्य यांच्या ग्रंथांतून प्राचीन स्त्रीच्या विद्याधिकाराचे आणि घटस्फोटाच्या हक्काचे दाखले काढून अवनतीचा दोष त्यांनी मनूच्या माथी ठेवला. निबंध आणि विधेयक शेजारी ठेवून वाचले तर एकाच टेबलावर दोन्ही लिहिली गेली असावीत असे वाटते. आपण मात्र विधेयक राज्यशास्त्र विभागाकडे पाठवतो आणि निबंध कोणाकडेच पाठवत नाही.

ही वाटणी किती कृत्रिम आहे, ते आमच्या मावळातच कळते. कार्ल्याच्या लेण्यात मामाडच्या, म्हणजे आजच्या मावळच्या, अमात्याला दिलेली राजाज्ञा कोरलेली आहे : लेणीतल्या भिक्षूंसाठी अमुक गाव लावून द्यावे. तो निव्वळ सरकारी हुकूम आहे. त्याला आपण प्राचीन संस्कृती म्हणतो, विद्यार्थ्यांच्या सहली नेतो. संसदेत मांडलेल्या कायद्याच्या पोटात मात्र पांडित्य असू शकते, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

विधेयक रखडले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी आंबेडकरांनी राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला निवेदनाची प्रत आगाऊ मागण्यात आली, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या हाती दिले. हवास गेले आणि पुन्हा आले. हे गेले ते परतले नाहीत. मंत्रिपदाने विद्वान बिघडतो की नाही, याची परीक्षा तो खुर्चीवर बसतो तेव्हा होत नसते. ती सोडण्याचे कारण त्याच्या विद्येतून येते की नाही, ते पाहायचे असते.

आणि सोडल्यानंतर? २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना करताना, पंढरपूरचा विठोबा म्हणजे मुळात बुद्धच, आणि यावर आपण प्रबंध लिहिणार आहोत, असे त्यांनी सांगितल्याची नोंद धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. विठ्ठलाचा विषय निघाला की मराठीच्या वर्गात रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ निघते, आणि ते योग्यच आहे. पण ते १९८४ चे आहे. त्याआधी तीस वर्षे, तुकोबांच्या देहूपासून हाकेच्या अंतरावर, एका माजी कायदामंत्र्याने केलेले ते विधान चर्चेलाही का घेतले जात नाही, याचे उत्तर आम्हा मराठीच्या प्राध्यापकांनी द्यायचे आहे.