श्रुतलेखकाची जागा रिकामी
नाशिकच्या पंचवटीतील आमचे एक वृद्ध स्नेही, ज्यांची हयात न्यायालयाच्या दप्तरात कारकुनी करण्यात गेली, ते बोटांच्या कंपामुळे लेखणी आणि कळफलक या दोहोंस पारखे झाले असून, मुक्त प्रणालीवरील निष्ठेपायी स्वीकारलेल्या लिनक्सवर आपल्या आठवणी तोंडी सांगून उतरवून घेण्याचे साधन शोधीत आहेत, आणि त्यांची ती खटपट या आठवड्यात पाहून मन व्यथित झाले. १९९१ साली जन्मलेली ही प्रणाली मराठी अक्षरे उत्तम उमटविते, ईस्पीक या वाचन-साधनाच्या साहाय्याने मराठी मजकूर वाचूनही दाखविते (आवाज रुक्ष खरा, पण त्याचे मोल दृष्टिहीनांना विचारावे). मात्र तीवरील लिब्रेऑफिस या लेखन-साधनात बोललेले टिपून घेण्याची अंगभूत सोय नाही. २०२२ साली खुले झालेले व्हिस्पर हे बोलणे लिहून काढणारे साधन मराठी ओळखते, तथापि इंग्रजीच्या मानाने पुष्कळ चुकते, आणि मूळ रूपात ते चालविण्यासाठी आज्ञा टंकाव्या लागतात. म्हणजे ज्याचे हात चालत नाहीत, त्यालाच प्रथम हात चालवावे लागतात. गूगलने २०१७ साली मराठी श्रुतलेखन दिले, पण त्यासाठी आपला आवाज परक्या दप्तरी जमा करावा लागतो. माझे मत स्पष्ट आहे: ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात ठरलेल्या भाषेसाठी मुक्त परवान्याचे, घरच्या संगणकावर चालणारे श्रुतलेखन सरकारने स्वखर्चाने सिद्ध करून द्यावे. तोवर अशा साधनांसाठी आवाजाचे नमुने गोळा करणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या उपक्रमात मराठीस स्थान आहे. नाशिककर वाचकहो, तेथे आपला आवाज अवश्य नोंदवा.